हसता हसता घरात आलेला विल

काही भूमिका नटाला हळदीच्या डागासारख्या लागतात. कितीही धुवा, पिवळेपणा काही जात नाही. निळू फुले म्हणजे खरं तर सेवा दलाच्या संस्कारातला साधा, सज्जन माणूस. पण पडद्यावर त्यांनी इतके बेरकी पुढारी रंगवले, की गावोगावच्या बायका त्यांना प्रत्यक्ष पाहूनही बोटं मोडायच्या. अरुण गोविल यांचं नेमकं उलट. 'रामायण'मधला राम त्यांनी केला आणि मग ते जातील तिथे लोक त्यांच्या पाया पडू लागले. आपण प्रेक्षक असेच! नट आणि भूमिका यांच्यामधली भिंत आपल्याला फार वेळ दिसत नाही.

आज मला अशाच एका नटाबद्दल लिहायचंय. तो आपल्याकडचा नाही. कॅनडातल्या टोरांटोमध्ये 1963 साली जन्मलेला हा माणूस, एरिक मॅककॉर्मॅक. त्याने नाटकं केली, घोड्यावर बसून पश्चिमेकडच्या साहसकथा केल्या, पुढे गंभीर मालिकाही केल्या. पण जगाने त्याला ओळखलं ते एकाच नावाने, विल! 'विल अँड ग्रेस' या अमेरिकन विनोदी मालिकेतला विल ट्रुमन. न्यूयॉर्कमधला वकील. हुशार, नीटनेटका, स्वयंपाकात एखाद्या सुगरणीला मागे टाकेल असा, मैत्रिणीसाठी अर्ध्या रात्री धावून जाणारा... आणि समलिंगी.

ही मालिका एनबीसी वाहिनीवर 21 सप्टेंबर 1998 ला सुरू झाली आणि 2006 पर्यंत आठ सीझन चालली. अकरा वर्षांनी, म्हणजे 2017 मध्ये, तेच चार कलाकार पुन्हा त्याच घरात परतले आणि आणखी तीन सीझन करून 2020 मध्ये त्यांनी निरोप घेतला. मिळून 246 भाग. ज्याचा नायक उघडपणे समलिंगी आहे अशी मालिका मोठ्या वाहिनीवर इतकी वर्षं घरोघरी चालावी, असं अमेरिकेतही त्याआधी झालं नव्हतं.

सासूबाईंचा प्रश्न

मी ही मालिका पहिल्यांदा पाहिली ती केबलवरच्या एका इंग्रजी चॅनेलवर. दुपारची कामं आवरली की अर्धा तास माझा हक्काचा असायचा. शेजारी सासूबाई वाती वळत बसलेल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण माणसं बरोबर कळायची. विल आणि ग्रेस एका घरात राहतात, एका ताटातलं खातात, भांडतात, रुसतात, एकमेकांची वाक्यं पूर्ण करतात, हे चार दिवस बघून त्यांनी विचारलं, "इतकं पटतंय दोघांचं, मग लग्न का करत नाहीत गं?"

गंमत म्हणजे अमेरिकेतल्या कितीतरी प्रेक्षकांनाही अगदी हेच वाटत होतं. आज ना उद्या विल 'सुधारेल' आणि ग्रेसशी लग्न करेल, या आशेवर लोक मालिका बघत होते! लेखकांना ते पक्कं ठाऊक होतं. पहिल्याच भागात त्यांनी या आशेची हवा काढून घेतली. ग्रेस ठरलेलं लग्न ऐनवेळी मोडून नवरीच्या पोशाखातच निघून येते. विल तिला घेऊन एका बारमध्ये जातो. आजूबाजूचे लोक त्यांना नवं जोडपं समजून त्यांच्या नावाने प्याले उंचावतात. लोकांच्या आग्रहाखातर ती दोघं चुंबनही घेतात. ग्रेस क्षणभर त्याच्याकडे बघते, काही वाटलं का म्हणून. त्याला काहीच वाटलेलं नसतं. बस्स, विषय संपला. पुढची सगळी मालिका या दोघांच्या मैत्रीची आहे.

मॅक्स मुचनिक आणि डेव्हिड कोहान या दोन मित्रांनी ही मालिका लिहायला घेतली. मुचनिक स्वतः समलिंगी. तरुणपणी ज्या मुलीबरोबर तो फिरत होता, तीच पुढे त्याची आयुष्यभराची मैत्रीण झाली. त्या नात्यातूनच विल आणि ग्रेस जन्माला आले. म्हणून तर त्यांच्या भांडणांना घरची चव आहे.

ना रडका, ना विदूषक

विलचं महत्त्व कळायला त्याच्या आधीची परिस्थिती थोडी माहीत हवी. एलेन डीजेनेरेस या विनोदी अभिनेत्रीची स्वतःच्या नावाची मालिका होती. एप्रिल 1997 मध्ये तिने प्रत्यक्ष आयुष्यात आणि मालिकेतही आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलं. तो भाग प्रचंड गाजला. पण त्यानंतर वर्षभरात, 1998 मध्ये, मालिका बंद झाली. जाहिरातदार बिचकले होते, वाहिनी बिचकली होती. आणि त्याच वर्षी, दुसऱ्या वाहिनीवर विल आला. अशा वेळी ही भूमिका घेणं म्हणजे कुठल्याही नटासाठी जुगारच होता.

आपल्याकडे हा विषय रंगभूमीवर त्याच्याही किती तरी आधी आलेला होता, हे आपण विसरतो. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' 1981 मध्ये रंगमंचावर आलं. स्त्रीवर प्रेम करणारी मित्रा रोहिणी हट्टंगडी यांनी साकारली होती. नाटक धाडसाचंच. पण मित्राच्या वाट्याला शेवटी मरण येतं. त्या काळात जगभर असंच होतं. असं पात्र एक तर शेवटी मरायचं, नाही तर प्रेक्षकांना हसवायला कंबर हलवत यायचं. तिसरी वाटच नव्हती.

मॅककॉर्मॅकने ती तिसरी वाट काढली. त्याने विलला मुद्दाम नाजूक केलं नाही, की मुद्दाम रांगडा केला नाही. त्याचा विल कंजूषपणा करतो, केस विरळ होताहेत का म्हणून आरशात बघतो, वजनाची काळजी करतो, मित्रांना उपदेशाचे डोस पाजतो आणि मग स्वतःच तोंडावर आपटतो. म्हणजे आपल्या घरातल्या एखाद्या शिकलेल्या, जरा शिष्ट भावासारखाच की! सात वर्षांचं नातं मोडल्याचं दुःखही त्याच्यापाशी आहे, पण ते तो उशीत तोंड खुपसून नाही, तर ग्रेसबरोबर रात्री फोनवर टीव्ही बघत, टोमणे मारत काढतो.

हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. मालिकेत जॅक आणि कॅरन ही दोन पात्रं सगळी टाळ्याखाऊ वाक्यं घेऊन जायची. शॉन हेजने केलेला जॅक नाचायचा, गायचा, धमाल उडवायचा. मेगन मुलालीची कॅरन म्हणजे श्रीमंत, पिणारी, जिभेला हाड नसलेली बाई. या दोघांच्या गोंधळात विलने घराचा खांब होऊन उभं राहायचं. समोरच्याला हशा मिळावा म्हणून आपण चेंडू उचलून द्यायचा. नाटकात काम केलेल्यांना विचारा, हे काम किती कठीण असतं ते. मॅककॉर्मॅकने कॅनडातल्या स्ट्रॅटफर्डच्या नाट्यमहोत्सवात पाच हंगाम काढले होते, त्याचा इथे उपयोग झाला. कारण ही मालिका जिवंत प्रेक्षकांसमोर, नाटकासारखी चित्रित व्हायची. 246 च्या 246 भागांचं दिग्दर्शन एकाच माणसाने केलं, जेम्स बरोज यांनी.

2001 मध्ये मॅककॉर्मॅकला विनोदी मालिकेतला सर्वोत्कृष्ट नायक म्हणून एमी पुरस्कार मिळाला. शॉन हेज आणि मेगन मुलाली यांना तो आदल्याच वर्षी मिळाला होता. ग्रेस झालेल्या डेब्रा मेसिंगला 2003 मध्ये मिळाला. चारही मुख्य कलाकारांना एमी, हा मान फार थोड्या मालिकांना मिळालाय.

घरात चालतं, ऑफिसात नाही

मला या मालिकेतले दोन भाग कायम आठवतात. एक आहे विलच्या वडिलांचा. दिग्दर्शक म्हणून गाजलेले सिडनी पोलॅक यांनी ते वडील केलेत. प्रेमळ माणूस. मुलगा समलिंगी आहे हे त्यांनी मान्य केलंय, घरात कधी त्याला टाकून बोलत नाहीत. पण एका समारंभात विलला कळतं, की वडिलांनी ऑफिसातल्या सगळ्यांना सांगून ठेवलंय, माझ्या मुलाचं लग्न झालंय आणि ही ग्रेस माझी सून!

भाग हसवतो. ग्रेसला 'सूनबाई' होऊन मिरवावं लागतं, गोंधळ उडतो. पण हसता हसता मॅककॉर्मॅकचा चेहरा बघा. आरडाओरडा नाही, डोळ्यांत पाणी नाही. फक्त एक प्रकारचा थकवा. वडिलांना आपली लाज वाटत नाही असं इतकी वर्षं समजत होतो, आणि आज कळलं की वाटते! मैत्रिणींनो, हा बाप काही न्यूयॉर्कमध्येच राहत नाही. "आमचं काही म्हणणं नाही हो, पण लोकांना काय सांगायचं?" हे वाक्य आपल्याकडे किती घरांत, किती कारणांसाठी बोललं जातं! मुलीने जातीबाहेर लग्न केलं तरी हेच, सुनेने घटस्फोट घेतला तरी हेच.

दुसरा भाग नोव्हेंबर 2000 मधला. त्यात गोष्ट 1985 सालात मागे जाते. विल आणि ग्रेस कॉलेजात आहेत आणि चक्क एकमेकांच्या प्रेमात आहेत. निदान ग्रेस तरी आहे. सुट्टीला ती त्याला आपल्या घरी घेऊन येते. तिला तो आणखी जवळ यायला हवाय. त्याला आतून कळतंय की आपलं हे काही खरं नाही, पण सांगायची हिंमत नाही. वेळ मारून नेण्यासाठी तो काय करतो? तिला लग्नाची मागणी घालतो! घरात आनंदीआनंद. ग्रेसच्या आईने तर गावभर सांगायचंच बाकी ठेवलेलं. आणि मग त्याच घरात तो तिला खरं सांगतो. ग्रेस त्याला घराबाहेर काढते. पुढचं वर्षभर दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

या भागात मला सगळ्यात आवडतं ते हे, की लेखकांनी ग्रेसचा राग खोटा ठरवलेला नाही. तिची फसवणूक झालीय. ती काही "बिचारा विल" म्हणून लगेच डोळे पुसत नाही. विलची घुसमट खरी आणि ग्रेसचा अपमानही खरा. दोन्ही एकाच वेळी.

ज्या ग्रेसला वेळेवर कळत नाही

विलने साखरपुड्याच्या पायरीवर तरी तोंड उघडलं. पण ज्याने उघडलंच नाही, त्याच्या ग्रेसचं काय होत असेल?

आमच्या ओळखीतल्या एका मुलीचं असंच झालं. नाव-गाव सांगत नाही. चांगलं स्थळ म्हणून घाईघाईत लग्न लावलं. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी, बोलायला गोड. लग्नानंतर मात्र तो तिच्याजवळच येईना. ती आधी स्वतःला दोष देत राहिली. आपण काळ्या म्हणून असेल, जाड म्हणून असेल. सासू रोज विचारायची, "गोड बातमी कधी?" माहेरी सांगितलं तर आई म्हणाली, "होईल हळूहळू सगळं, तू जरा नीट राहत जा." उपास झाले, डॉक्टर झाले, एका महाराजांचा अंगारासुद्धा झाला. दोन वर्षांनी एका रात्री त्या मुलानेच रडत रडत तिला सांगितलं, की मला पुरुषच आवडतात, मी आईला लग्नाआधी सांगितलं होतं, पण ती म्हणाली, लग्न झालं की होशील सरळ.

मुलगी परत आली. पुन्हा शिकली, नोकरीला लागली. ती मला एकदा म्हणाली, "मावशी, मला त्याचा राग येतो, पण त्याच्या आईचा जास्त येतो. तिला माहीत होतं. तरीही तिने मला आणलं." यावर मी काय बोलणार?

म्हणूनच मला वाटतं, हा विषय 'त्या लोकांचा' नाही. तो आपला आहे. बायकांचा आहे. कारण अशा प्रत्येक जबरदस्तीच्या लग्नात दुसऱ्या बाजूला एक मुलगी उभी असते. आणि ते लग्न जुळवण्यात बऱ्याचदा आपण बायकाच पुढे असतो.

एकाच सेटवरचे दोघं

आता पुन्हा नटाकडे येते. एरिक मॅककॉर्मॅक स्वतः समलिंगी नाही. मालिका सुरू होण्याच्या आदल्याच वर्षी, 1997 मध्ये, त्याचं लग्न झालं होतं, पुढे मुलगा झाला. तरी वर्षानुवर्षं मुलाखतींत त्याला विचारलं जायचं, "तुम्ही खरंच तसे आहात का?" तो हसून उत्तर द्यायचा. त्याला उत्तर देणं परवडत होतं.

आणि त्याच सेटवर, त्याच्या शेजारी, शॉन हेज उभा होता. तो प्रत्यक्षातही समलिंगी. पण मालिकेच्या पहिल्या आठही वर्षांत त्याने जाहीरपणे तसं सांगितलं नाही. पत्रकार विचारायचे, तो विषय टाळायचा. शेवटी 2010 मध्ये एका मासिकाच्या मुलाखतीत तो मोकळेपणाने बोलला. पुढे तर त्याने, हे मी आधीच बोलायला हवं होतं, अशी खंतही व्यक्त केली. त्याला भीती होती ती कामाची. एकदा शिक्का बसला की दुसऱ्या भूमिका मिळणार नाहीत.

विचार करा, केवढी विचित्र गोष्ट! अमेरिकेला मोकळेपणा शिकवणारी मालिका, आणि तिच्यातलाच एक मुख्य कलाकार स्वतःबद्दल गप्प. पडद्यावर जे चालत होतं, ते पडद्यामागे अजून चालत नव्हतं.

आता तिकडे वेगळाच वाद आहे. समलिंगी पात्रं समलिंगी नटांनीच करावीत, असं अनेकांचं म्हणणं आहे. इतकी वर्षं त्यांना दारं बंद होती, निदान या भूमिका तरी त्यांना मिळू द्या, हा त्यामागचा विचार. मॅककॉर्मॅकला 2023 मध्ये याबद्दल विचारलं गेलं. आपण जे नाही ते साकारणं हाच तर नटाचा धंदा आहे, असं त्याचं मत. मला दोघांचंही पटतं. बालगंधर्वांच्या महाराष्ट्रातल्या माणसाला 'नटाने दुसऱ्याचं रूप घ्यायचं नाही' हे पटणं अवघडच. पण बालगंधर्वांच्या काळात बायकांना रंगमंचावर जागा नव्हती, हेही तितकंच खरं आहे ना? पुरुषाने स्त्री उत्तम साकारली म्हणून स्त्रियांना स्टेजवर येऊ द्यायचं नाही, असं तर आज कुणी म्हणणार नाही.

टीका आणि टाळ्या

मालिकेवर टीकाही झाली आणि ती खोटी नव्हती. ग्रेसच्या आयुष्यात एकामागून एक मित्र येतात, तिचं लग्नही होतं, पण नायक असून विलच्या प्रेमाची गोष्ट वर्षानुवर्षं पडद्यावर नीट येतच नाही. त्याचं मन लावून रंगवलेलं नातं, व्हिन्स नावाच्या पोलिसाबरोबरचं, यायला 2004 साल उजाडावं लागलं. समलिंगी नायक चालेल, पण त्याने प्रेम करताना दिसू नये, असा काहीसा हिशेब. शिवाय सगळी मुख्य पात्रं गोरी, खाऊनपिऊन सुखी. गरिबाघरच्या विलचं काय, हा प्रश्न उरतोच.

पण मालिकेने स्वतःच्याच वाहिनीला चिमटा काढायलाही कमी केलं नाही. फेब्रुवारी 2000 मधल्या एका भागात, टीव्हीवर दोन पुरुषांचं चुंबन दाखवणार म्हणून जॅक आणि मंडळी टीव्हीसमोर बसतात, आणि ऐन क्षणी कॅमेरा दुसरीकडेच वळतो! जॅक रागावून एनबीसीच्या कचेरीत तक्रार करायला जातो. शेवटी वाहिनीच्याच सकाळच्या थेट कार्यक्रमात, रस्त्यावर जमलेल्या गर्दीत, विल सगळ्यांसमोर जॅकचं चुंबन घेतो. हशाही पिकला आणि जे दाखवायचं नव्हतं ते दाखवूनही झालं.

याचा परिणाम काय झाला? मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांमध्ये केलेला एक अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी ही मालिका जास्त पाहिली होती, त्यांच्या मनातला समलिंगी माणसांबद्दलचा आकस कमी आढळला. आणि विशेष म्हणजे, ज्यांच्या ओळखीत असं कुणीच नव्हतं, त्यांच्या बाबतीत हा संबंध जास्त ठळक होता. म्हणजे विल हाच त्यांच्या ओळखीचा पहिला समलिंगी माणूस! 6 मे 2012 ला तेव्हाचे उपाध्यक्ष जो बायडन यांनीही एका मुलाखतीत म्हटलं, की अमेरिकन जनतेला या विषयात शहाणं करण्याचं काम 'विल अँड ग्रेस'ने जितकं केलं तितकं क्वचितच कुणी केलं असेल. 2014 मध्ये मालिकेतल्या वस्तू वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालयात गेल्या. आणि 26 जून 2015 ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला देशभर मान्यता दिली. हे श्रेय अर्थातच एका मालिकेचं नाही. रस्त्यावर आणि कोर्टात लढलेल्या माणसांचं आहे. पण त्या लढाईची बातमी घरात येईपर्यंत विल आधीच सोफ्यावर येऊन बसलेला होता, हेही खरं.

मॅककॉर्मॅकने पुढेही बरंच काम केलं. 'पर्सेप्शन'मध्ये तो मनोविकाराशी झुंजणारा प्राध्यापक झाला, 'ट्रॅव्हलर्स'मध्ये भविष्यातून आलेला माणूस. ब्रॉडवेवर नाटकं केली. पण सप्टेंबर 2018 मध्ये हॉलिवूडच्या फुटपाथवर त्याच्या नावाचा तारा बसला, तेव्हा लोकांना आठवला तो विलच.

आणि आपल्याकडे?

त्याच सप्टेंबर 2018 मध्ये, 6 तारखेला, आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही एक मोठा निकाल दिला. इंग्रजांच्या काळात, 1860 च्या दंडसंहितेत आलेल्या कलम 377 खाली दोन सज्ञान माणसांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना गुन्हा ठरवता येणार नाही, असा. त्याआधी 2009 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हेच म्हटलं होतं, 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं, आणि मग 2018 मध्ये पुन्हा न्याय झाला. समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला मात्र न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 ला नकार दिला. पण असं असणं हा आपल्या देशात गुन्हा नाही, हे पक्कं.

तो आजारही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्येच त्याला आजारांच्या यादीतून काढलं. 2022 मध्ये आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं, की अशा माणसाला 'बदलण्याचे' उपचार करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन समजलं जाईल. तेव्हा कुणी डॉक्टर "आणा मुलाला, करतो सरळ" म्हणाला, तर तिथून चपला घालून निघायचं.

मराठीतही वाचायला आहे. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 2002 मध्ये 'समपथिक ट्रस्ट' सुरू केला, या विषयावर साध्या मराठीत पुस्तकं लिहिली. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी 2006 मध्ये आली. एकाच घरातले भाऊ-बहीण एकाच माणसाच्या प्रेमात पडतात, अशी तिची गोष्ट, आणि तीही चांगल्या मराठी मध्यमवर्गीय घरातली. तालुक्याच्या वाचनालयात मागणी केली तर पुस्तक येतं, माझा अनुभव आहे.

आपल्या मालिकांत सासू-सुनांची भांडणं वर्षानुवर्षं चालतात, पण विलसारखा कुणी नायक होऊन आपल्या दिवाणखान्यात मुक्कामाला आलेला नाही. येईल तेव्हा येईल. तोवर ज्याच्या त्याच्या घरातला विल कदाचित तिथेच असेल, पुतण्या म्हणून, भाचा म्हणून, मुलगा म्हणून. प्रत्येक स्थळाला नाही म्हणणारा. फोटो दाखवला की उठून जाणारा.

तो नाही म्हणाला, की लगेच मामा-काकांची बैठक बसवू नका. आईने नाही तर मावशीने, आत्याने, एकदा त्याला एकट्याला गाठावं. चहा करावा. "लग्न नको असेल तर नको, पण का नको ते मला सांगशील?" एवढंच विचारावं, आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत मध्ये बोलू नये. कारण काहीही असू शकतं. नोकरीची चिंता असेल, दुसरी कुणी मुलगी असेल. पण ते विलचंच कारण निघालं, तर दोन गोष्टी करता येतील. त्याला सांगायचं, की तू आमचाच आहेस. आणि ज्या मुलीची पत्रिका आपल्या कपाटात आलीय, ती तिच्या आई-वडिलांना सन्मानाने परत करायची.